बॅटरी टिकू लागली तेव्हा

दुपारी माझ्या दुकानात सहसा कुणी येत नाही. जेवणं आटोपली की लालबागची आमची गल्ली थोडी पेंगते. मसाला कुटायची यंत्रं थांबलेली असतात, मिरचीचा वास मात्र हवेत तसाच तरंगत राहतो, आणि वरच्या पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेले फोन चार्जिंगला लावून ठेवलेले असतात. त्यातला एखादा मधूनच आपोआप उजळतो. कुणाच्या तरी नातीचा फोटो दिसतो, कुणाचा तरी मिस्ड कॉल दिसतो, आणि पुन्हा काळोख. हातातलं काम बाजूला ठेवून मी ते बघत बसते. या धंद्यातली माझी सगळ्यात आवडती वेळ ती.

मी मोबाइल दुरुस्त करते. लग्नाआधी अंधेरीच्या एका कारखान्यात टीव्हीच्या सर्किटांचं सोल्डरिंग करत होते. कारखाना बंद पडला, पण हात शिकलेला राहिला. पुढे मोबाइल आले तेव्हा चाळीतल्या तळमजल्याच्या खोलीचा पुढचा भाग मोकळा करून दुकान मांडलं. सुरुवातीची काही वर्षं लोक यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "दुरुस्त करणारे कुठे गेलेत?" मी म्हणायची, "जेवायला गेलेत, बसा." मग त्यांच्यासमोर फोन उघडायची. काम होईपर्यंत कुणी परत विचारत नसे. आता नजर पूर्वीसारखी राहिली नाही, बारीक सोल्डरिंग मी दुसऱ्यांकडे पाठवते. पण बॅटऱ्या बदलते, फोनचं ऐकून घेते, आणि माणसांचंही.

माणसांचं ऐकण्याचा खरा मोसम म्हणजे अपडेटचे दिवस. बहुतेक नवरात्राच्या पुढेमागे येतात. फोनवर एक चिठ्ठी येते, नवं सॉफ्टवेअर आलंय, घ्या. लोक बटण दाबतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पायरीवर रांग. "ताई, अपडेट मारला आणि बॅटरीची वाट लागली." सगळ्यांचं वाक्य हेच.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. घराला रंग काढला की भांडी, कपडे, देव्हारा, सगळं परत जागेवर लावावं लागतं. नवं सॉफ्टवेअर आल्यावर फोनही आतून तेच करत असतो. एकेक अ‍ॅप नव्या जागी बसवतो. साठवलेले सगळे फोटो पुन्हा पाहतो, त्यातले चेहरे ओळखत बसतो. आपल्याला वाटतं तो नुसता पडलाय, पण आत त्याची धावपळ चालू असते. म्हणून तो तापतो, म्हणून बॅटरी उतरते. दोन-चार दिवसांत घर लागलं की बहुतेक फोन ताळ्यावर येतात. मी लोकांना सांगते, थांबा. थांबायला सांगणारा दुकानदार कुणाला आवडत नाही, पण मी सांगते.

काळाचौकीचे एक गृहस्थ फोन ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन आले होते. रुमाल सोडवत मला म्हणाले, "कालपासून अंग गरम आहे."

मी फोन हातात घेतला. खरंच गरम होता. म्हटलं, "रुमाल काढा, पाणी आत जाईल. दोन दिवस आराम करू द्या त्याला."

"काही द्यायला नको?"

"काही नको."

आठवड्याने मुद्दाम येऊन सांगून गेले, ताप उतरला म्हणून.

सगळेच असे बरे होत नाहीत. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे. रोज भरता भरता, रिकामी होता होता तिची ताकद कमी होत जाते, आणि नवं सॉफ्टवेअर पुष्कळदा जुन्यापेक्षा जास्त काम मागतं. थकलेली बॅटरी कालपर्यंत कशीबशी रेटत असते, अपडेटनंतर ती एकदम उघडी पडते. अशा वेळी नवी बॅटरी घालावी लागते. आणि काही वेळा बॅटरी चांगली असते, फोनही चांगला असतो, फक्त माणसाला तो आपला वाटेनासा होतो. शीवच्या एक शिक्षिका काउंटरवर फोन ठेवून म्हणाल्या होत्या, "मला परवा होता तसा करून द्या." रंग बदलले होते, घड्याळाचे आकडे बदलले होते, सगळं नेहमीच्या जागेवरून हललं होतं. मी पुष्कळ खटपट केली. मागे जायची वाट त्या फोनला ठेवलेलीच नव्हती. अशी रिकाम्या हाताने परत पाठवलेली माणसं मला दुरुस्त होऊन गेलेल्या फोनांपेक्षा जास्त आठवतात.

पण मला सांगायचंय ते व्हिक्टर अंकलबद्दल. त्यांच्या फोनची तक्रार उलटी होती. खरं तर त्यांची तक्रार नव्हतीच.

व्हिक्टर अंकल घोडपदेवला एका चाळीत राहायचे. त्यांचं घराणं इथलंच, मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतलं. नोकरी पोस्टात केली, पत्रं पत्त्याप्रमाणे वेगळी करायच्या खात्यात. बायको वारली, मुलगा दुबईला गेला. निवृत्तीनंतर त्यांनी कंदील करायला घेतले. दिवाळीला आकाशकंदील, ते संपले की नाताळच्या चांदण्या. बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद, एवढंच सामान. माणूस उंच, सडपातळ, बोलणं हळू. मला "शैलाबाय" म्हणायचे.

त्यांना लहानपणापासून मधुमेह होता, इन्सुलिन घ्यावं लागणारा. या आजारात साखर वाढते हे सगळ्यांना माहीत असतं, पण इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकाएकी खालीही येते, आणि ते जास्त अवघड. मुलाने त्यांना दंडावर चिकटवायचा एक सेन्सर आणून दिला होता, शर्टाच्या मोठ्या बटणाएवढा. तो साखर मोजत राहायचा आणि आकडा त्यांच्या फोनवर पाठवायचा. साखर खाली गेली की फोन शिट्टी वाजवायचा. साधीसुधी शिट्टी नव्हे, चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी.

पहिल्यांदा माझ्याकडे आले ते बॅटरीसाठीच. फोन गळ्यात दोरीला लटकवलेला. म्हणाले, "दुपार झाली की मान टाकतो. मी काय त्याला घेऊन भिंतीला बांधून बसू?"

मी बॅटरी बदलून दिली. पण सेन्सरचं ऐकायला तो फोन दिवसभर जागा राहायचा, त्यामुळे नवी बॅटरीही संध्याकाळच्या पुढे जात नसे. ते मधून मधून येत राहिले, कधी फोनसाठी, कधी नुसतेच. चहा बिनसाखरेचा. एकदा मी त्यांना विचारलं, साखर उतरते तेव्हा कसं वाटतं, दुखतं का.

त्यांनी बराच विचार केला. "दुखत नाय, शैलाबाय. तेच वाईट आहे. दिव्याभोवती कडी दिसतात. आवाज लांब जातात. सगळं मऊ होतं. आणि मग वाटतं, काय घाई आहे? बसू या की असंच. आणि तेवढ्यात हा मेला शिट्टी मारतो, आणि समोरची सुलभा साखरेचा डबा घेऊन धावत येते."

सुलभावहिनी म्हणजे त्यांच्या समोरच्या खोलीतल्या. मूळच्या मालवणकडच्या, घरच्या घरी खानावळ चालवायच्या. अंकलचं दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडे. शिट्टी ऐकली की हातातलं टाकून त्या पॅसेज ओलांडून जात. दिवसातून कितीदा ते दिवसावर असे.

मग एका वर्षी अपडेट आला. अंकलनी बटण दाबलं आणि काही दिवसांनी, ऑक्टोबरच्या एका सकाळी, दुकानात आले ते हसत. फोन गळ्यात नव्हता, खिशात होता.

"काय जादू झाली ठाऊक नाय," ते म्हणाले. "लोक बोलतात अपडेटने बॅटरी खलास. माझी बघ. रात्री झोपायला जातो तेव्हा अर्धी शिल्लक."

मी फोन हातात घेऊन पाहिला. खरंच तसं होतं. आदल्या दिवशी केलेलं चार्जिंग अजून पुरत होतं. क्वचित कधी नव्या सॉफ्टवेअरने बॅटरी सुधारते, नाही असं नाही. मला बरंच वाटलं.

"आणि साखर?"

"साखर पण शहाणी झालीय. जेवल्यावर उघडून बघतो, आकडा चांगला असतो. शिट्टी तर एकदा पण वाजली नाय. खूप काम झालं, शैलाबाय. सलग बसतो, कुणी उठवत नाय. या वर्षी असे कंदील झालेत की तू बघायला ये."

ते गेले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला वाटलं, माणूस दहा वर्षांनी लहान दिसतोय.

दुपारी नेहमीप्रमाणे गल्ली शांत झाली. कॉलेजात जाणारी एक मुलगी तेवढी आली. फोन काउंटरवर ठेवून म्हणाली, "मावशी, याचं काहीतरी गंडलंय. मैत्रिणींचे मेसेज येतच नाहीत. मी फोन उघडला की मग सगळे एकदम धडाधड येतात."

"कधीपासून?"

"अपडेट केला तेव्हापासून. पण ना, बॅटरी मस्त टिकते हां आता."

तिच्या फोनची कंपनी आणि अंकलच्या फोनची कंपनी एकच होती. मी सेटिंग उघडलं. नव्या सॉफ्टवेअरने बॅटरी वाचवण्यासाठी एक काम गुपचूप केलं होतं. जी अ‍ॅप समोर उघडी नाहीत त्यांना झोपवून टाकलं होतं. आधी तिने ज्यांना जागं राहायची परवानगी दिली होती, त्यांच्याकडूनही ती काढून घेतली होती. अ‍ॅप उघडलं की ते जागं होई, बंद केलं की परत झोपी जाई. मी तिचं मेसेजचं अ‍ॅप झोपेतून मोकळं केलं. ती खूश होऊन गेली.

मी खुर्चीत बसून राहिले. पंखा फिरत होता. टेबलावरचे फोन एकेक करून उजळत आणि विझत होते. मनात काहीतरी घोळत होतं, आणि ते काय हे कळायला मला वेळ लागला. जेवल्यावर उघडून बघतो, ते म्हणाले होते. म्हणजे उघडल्यावरच आकडा येतो. जेवल्यावर साखर चांगलीच असणार. आणि बाकीच्या वेळी कोण बघतंय?

मी त्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. येणारे कॉल काही झोपवलेले नसतात, रिंग वाजतेच. ते उचलत नव्हते.

शटर ओढलं आणि समोर आली ती टॅक्सी केली. लालबाग ते घोडपदेव म्हणजे काही लांब नाही. तरी त्या दुपारी रस्ता संपेना. उन्हाने सगळं फिकट झालं होतं, टॉवरच्या काचा, बंद दुकानांच्या पाट्या, फुटपाथवर आडवी झालेली कुत्री. टॅक्सीवाला पेंगत असल्यासारखा चालवत होता. मी मनाशी म्हणत होते, दुपारचे झोपले असतील, आपण उगीच जातोय, ते हसतील आपल्याला. आणि ते हसावेत असं मला फार वाटत होतं.

चाळीच्या पॅसेजमध्ये सुलभावहिनी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला ओळखत होत्या, एकदोनदा अंकलसोबत दुकानात आल्या होत्या.

"अंकल आहेत?" मी विचारलं.

"असतले आत. काम करतत. आज जेवणाचो डबो पण नेवक आले नाय, म्हटलं कामात असतले." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "शिट्टी वाजाक नाय गो. बरे आसत ते आता."

"वहिनी, शिट्टी बंद पडलीय," मी म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं तसे थोडे तांदूळ सांडले. साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या उचलून माझ्या पुढे गेल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेलो आणि क्षणभर मी कशासाठी आले तेच विसरले. छताला सगळीकडे कंदील टांगलेले होते, लाल, केशरी, मोरपंखी, जांभळे. पश्चिमेची खिडकी उघडी होती आणि ऊन त्या कागदांमधून गाळून खाली येत होतं. जमिनीवर, भिंतींवर, पितळेच्या क्रूसावर रंगांचे डाग हलत होते. वारा आला की सगळे डाग एकदम सरकत. खोली पाण्यात असल्यासारखी वाटत होती.

त्या सगळ्याच्या मधोमध व्हिक्टर अंकल मांडी घालून बसले होते. शर्ट घामाने ओला. झिरमिळ्यांसाठी कापलेल्या कागदाच्या रंगीत पट्ट्या त्यांच्यासमोर होत्या आणि ते त्यांचे ढीग लावत होते. एकेक पट्टी उचलायची, डोळ्यांजवळ न्यायची, वाचल्यासारखं करायचं आणि ढिगावर ठेवायची.

"माझगाव," ते म्हणत होते. "डोंगरी. डोंगरी. हे परळचं इथे कुणी टाकलं?" हात थरथरत होता, पण चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी तसं त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. फोन बाजूला पडला होता. त्यावर माझे मिस्ड कॉल.

त्यांनी मान वर केली. मला पाहिलं, पण ओळखलं की नाही सांगता येणार नाही. प्रेमाने म्हणाले, "तुझं पत्र अजून आलं नाय, बाय. आलं की देतो."

सुलभावहिनी खाली बसल्या. पेल्यात साखर ओतून ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. अंकलनी तोंड फिरवलं. "ड्युटीवर काही घेत नाय मी."

"घेवा हो."

"साहेब बघतील."

मी घाबरले होते. जबरदस्ती केली तर ठसका लागेल, नाही केली तर आणखी खाली जातील. सुलभावहिनींनी मात्र आवाज अजिबात चढवला नाही. त्या अगदी ऑफिसातल्यासारख्या, आपली मालवणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "तुमची ड्युटी सुटली. साहेबांनीच पाठवलंय मला. म्हणाले, व्हिक्टरना सरबत द्या, त्यांनी आज फार पत्रं काढली."

अंकलनी विचार केला. हातातली निळी पट्टी नीट ढिगावर ठेवली. मग पेला घेतला, आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू सगळा प्यायले. वहिनींनी लगेच दुसरा केला.

आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसून राहिलो. रंगांचे डाग त्यांच्या केसांवरून, खांद्यावरून फिरत होते. खाली कुणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मी त्यांचा फोन उचलला, त्यांचाच अंगठा त्यावर टेकवून उघडला आणि साखरेचं अ‍ॅप चालू केलं. ते जागं झालं, सेन्सरकडून त्याला आकडा मिळाला आणि त्यानं शिट्टी मारली. त्या लहानशा खोलीत इतक्या जोरात वाजली की मी दचकले. सुलभावहिनी हसायला लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. "आता वाजतंस?" त्या फोनला म्हणाल्या. "आता?"

थोड्या वेळाने अंकलचा घाम थांबला. त्यांनी समोरच्या पट्ट्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "शैलाबाय, तू कधी आलीस?" त्यांनी विचारलं. तेव्हा माझ्या जिवात जीव आला. वहिनी उठून डाळभाताचं ताट घेऊन आल्या. ते मुकाट्याने जेवले. जेवून झाल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बॅटरी सुधारली नव्हती. शिट्टी वाजवणारा झोपला होता, म्हणून बॅटरी उरत होती. साखर या दिवसांत किती वेळा खाली गेली असेल आणि आपोआप वर आली असेल, कोण जाणे.

ते ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "तुम्ही आलात ते बरं केलंत. पण खोटं कशाला बोलू? तिकडे फार छान होतं, बाय. मी परत खात्यात होतो. सगळी पत्रं बरोबर पत्त्यावर जात होती. एक पण परत येत नव्हतं."

सुलभावहिनी ताट उचलत म्हणाल्या, "तिकडे छान असांदे. पण जेवक हयच येवचा."

ते हसले. खूप वेळाने, पण हसले.

फोन माझ्या हातात होता. सेटिंगमध्ये एक जागा असते, तिथे त्या अ‍ॅपला कधीही झोपवू नको असं फोनला बजावून सांगता येतं. मी तिथपर्यंत गेले आणि माझा अंगठा थांबला. ही शिट्टी त्यांना दिवसभर आठवण करून देणार होती की ते आजारी आहेत. कामातून उठवणार होती. वरचे ते सगळे कंदील शिट्टी नव्हती त्या दिवसांत झाले होते, आणि त्यांच्यासारखे कंदील मी आजवर कुठे पाहिलेले नव्हते. काम त्यांचं, जीव त्यांचा. मी विचारलं, "अंकल, चालू करू ना? बॅटरी पुन्हा संध्याकाळी संपेल. शिट्टी पुन्हा वाजेल."

त्यांनी वर पाहिलं, कंदिलांकडे. मग दाराकडे पाहिलं. पॅसेजमध्ये सुलभावहिनी सांडलेले तांदूळ सुपात गोळा करत होत्या.

"कर," ते म्हणाले. "ती बिचारी कान लावून बसते."

मी चालू केलं. त्यांचा मुलगा तेव्हा कामावर होता, त्याला मी संध्याकाळी फोन करून सांगितलं. डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलं, त्यांनी इन्सुलिनची मात्रा बदलली. ती दिवाळी नीट गेली. त्यांचे सगळे कंदील विकले गेले, एक आमच्या चाळीच्या दारातही लागला. पुढच्या वर्षी त्यांनी कमी केले. मला म्हणाले, हात चांगले आहेत, पण तसे रंग आता दिसत नाहीत. ते माझ्या मनात राहिलंय.

तेव्हापासून मी अपडेटनंतर येणाऱ्यांना एक प्रश्न विचारते. बॅटरी लवकर संपते म्हणणाऱ्याला नाही, टिकते म्हणणाऱ्याला. तुमच्या फोनात असं काही आहे का, जे झोपून चालणार नाही? बहुतेक लोक नाही म्हणतात. कुणी बॉसचं नाव घेतं. एका बाईंनी थोडा विचार करून गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या घरातल्या कॅमेऱ्याचं सांगितलं, आणि तिथेच काउंटरवर तो उघडून बघितला. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. बाई बराच वेळ ते बघत उभ्या राहिल्या, मीही.

व्हिक्टर अंकल अजूनही येतात. आता अपडेट ते घरी करत नाहीत, माझ्याकडे येऊन करतात. यंदाही आले, सोबत सुलभावहिनी, त्यांच्या पिशवीत साखरेची पुडी. अपडेट चालू असताना फोन पूर्ण बंद होतो, काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ तेवढी सरकत असते. तेवढा वेळ सेन्सरचं ऐकायला कुणी नसतं. म्हणून तेवढा वेळ आम्ही दोघी त्यांच्यावर लक्ष ठेवतो.

दुपार होती. गल्ली शांत होती. पांढरी रेघ अर्ध्यावर आली होती आणि तिथेच थांबल्यासारखी दिसत होती. अंकल स्टुलावर भिंतीला टेकून बसले होते. बोलता बोलता त्यांचे डोळे मिटले. ओठांवर हसू होतं. सुलभावहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. झोप लागलीय की ते दुसरं, बाहेरून कळत नाही. वहिनींचा हात पिशवीत गेला.

मी जरा पुढे वाकून विचारलं, "अंकल, नाताळच्या चांदणीला यंदा कुठला रंग?"

उत्तर यायला वेळ लागला. पंख्याचा आवाज तेवढा होता.

"पांढरा," डोळे न उघडता ते म्हणाले. "आणि सुलभाला सांग, पुडी ठेव आत. मी झोपलोय."